जोरहाटचं पान

झोपलेल्या माणसांची विश्वनाथला भीती वाटत नसे. जागी माणसं मात्र त्याला झेपत नसत. तो भूलतज्ज्ञ झाला तो यामुळेच, असं त्याची बायको वीणा म्हणायची, आणि नेमकी चारचौघांत म्हणायची. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात टेबलावरचा पेशंट कितीही नाजूक असो, विश्वनाथचा हात हलत नसे. तोच पेशंट बरा होऊन मिठाई घेऊन आला, की विश्वनाथ घाईघाईने खिडकीबाहेरची झाडं बघू लागे.

अशा माणसाने महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत हात वर केला, तो केवळ चहा संपला होता म्हणून.

"शाब्बास!" मंडळाचे अध्यक्ष कर्नल हर्षवर्धन गरजले. "डॉक्टर तयार आहेत!"

कशाला तयार, हे विचारायचा धीर विश्वनाथला झाला नाही. ते त्याला टाळ्या थांबल्यावर कळलं. संक्रांतीच्या मेळाव्यात दरवर्षी तंबोला होत असे. गेल्या वर्षी कर्नलांच्या सौभाग्यवती चारुशीलाबाई आणि बँकेतल्या एक बाई एकाच आकड्यावर 'फुल हाऊस' म्हणून उठल्या, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या हातचा तिळगूळ घेत नव्हत्या. म्हणून यंदा नवा खेळ हवा होता. घरी बनवलेला, सगळ्या वयांना मजा येईल असा, आणि भांडण न होणारा.

"लोकांना झोपवायचा पगार घेणारा माणूस," परतताना गाडीत वीणा म्हणाली, "आता त्यांना जागं ठेवणार!"

मागच्या सीटवर स्वराली होती. वय अकरा, जन्म चंडीगडचा. मराठी सगळं समजे, उत्तर हिंदीत येई. "बाबा गेम बनाएँगे?" ती म्हणाली. "बाबा को तो खेलना भी नहीं आता. डर-डर के खेलते हैं. मज़ा ही नहीं आता."

हे खोटं नव्हतं. सापशिडीत पोरगी सापाच्या तोंडाशी आली, की विश्वनाथ फासा हळूच बोटाने उलटा करत असे. तिला ते पहिल्यापासून कळत होतं. गेल्या उन्हाळ्यात ती पटावरून उठली ती पुन्हा त्याच्यासमोर बसलीच नव्हती. बाहेर जानेवारीचं धुकं होतं. सिग्नलच्या लाल दिव्यापाशी गाडी थांबली, तेव्हा विश्वनाथने मनाशी ठरवलं: मंडळ गेलं खड्ड्यात. पोरगी एक डाव शेवटपर्यंत आपल्यासमोर बसली पाहिजे.

नियम. खेळ सुरू करण्यापूर्वी सर्वांनी घाबरू नये.

(हा नियम वीणाने खोडला.)

पहिला खेळ तयार झाला तो म्हणजे चंडीगडचाच पट. चौकोनी सेक्टर, त्यांच्यामध्ये गोल चौक, आणि तळ्याशी जो आधी पोचेल तो जिंकला. पट आखताना विश्वनाथच्या लक्षात आलं की या शहरात आखायला काही उरतच नाही. ते आधीच कोणीतरी फूटपट्टी घेऊन आखून ठेवलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या ढिल्लों आंटींना त्याने खेळायला बोलावलं. त्या चौकांमधून गोल गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर साब, इसमें झगड़ा कहाँ है? किसी का कुछ छीनना नहीं, किसी को गिराना नहीं. ये तो मैं रोज़ सब्ज़ी लाने में करती हूँ."

म्हणजे आंटींची मजा भांडणात होती. विश्वनाथने छिनाझपटी घातली. मग कर्नल आले. त्यांना डावपेच हवे होते. नशिबाने जिंकणं त्यांना अपमान वाटे. त्याने डावपेच घातले. वीणा म्हणाली, "माणसं बोलत कुठे आहेत? सगळी खाली मान घालून बसलीत, रेल्वेच्या परीक्षेला बसल्यासारखी." त्याने गप्पा घातल्या: अमुक घरात आलं की शेजाऱ्याचं कौतुक करायचं. आंटींनी कर्नलांचं कौतुक केलं ते असं, की पुन्हा भांडण घालावं लागलं नाही.

विश्वनाथला हळूहळू एक भयंकर गोष्ट कळू लागली. मजा ही एक वस्तू नाही. एकाची मजा जिंकण्यात, दुसऱ्याची दुसऱ्याला हरवण्यात (हे दोन्ही एकच वाटतं, पण नाही), तिसऱ्याची नुसतं सोंग घेण्यात, चौथ्याची पट मांडण्यात आणि पाचव्याची पट उधळण्यात. भूल देणं सोपं होतं. वजन बघायचं, औषध मोजायचं. मजेचं वजन कशावर करणार?

स्वराली दारातून डोकावली. "इसमें जीतने से होगा क्या?" असं विचारून ती उत्तराची वाट न बघता गेली.

इथे सर्वांनी एक डाव थांबावे. विश्वनाथ पाणी प्यायला गेला आहे.

खरा खेळ सापडला तो जेवताना. शनिवारी विंग कमांडर जयंत, त्याची बायको मधुरिमा आणि त्यांची मुलगी रागिणी जेवायला यायची. रागिणी स्वरालीच्या वर्गातली. दोघी शाळेत एका बाकावर, घरी एका पांघरुणात, आणि फोनवर एकाच वेळी बोलत. त्या रात्री मधुरिमा भाकरी मोडता मोडता सांगत होती, मागच्या बदलीत काय झालं ते. कुटुंब आसामात तेजपूरला पोचलं आणि फ्रीज गुजरातेत, भुजला.

"आणि फ्रीजमध्ये माझ्या सासूबाईंनी दिलेलं लोणचं!" मधुरिमा म्हणाली. "भुजच्या त्या मेसवाल्याने फोन करून विचारलं, मॅडम, और है क्या?"

जयंतच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "आणि रागिणीच्या शाळेचा दाखला वॉशिंग मशीनमध्ये निघाला. धुतलेला."

"तेव्हा हसला होतास का?" मधुरिमा म्हणाली. "तेव्हा रडायच्या बेतात होतास."

विश्वनाथचा घास हातातच राहिला. ज्याने माणसं सर्वांत जास्त घाबरली होती, त्यालाच ती सर्वांत जास्त हसत होती. मंडळात बहुतेक सगळे असेच होते: फौजी, एअर फोर्सचे, बँकेचे, पोस्टिंगवर आलेले आणि पोस्टिंगवर जाणारे. बदली होत नसलेली मोजकीच, विद्यापीठातली चार माणसं आणि हॉस्पिटलातला हा स्वतः.

खेळाचं नाव ठेवलं 'बदली'. काडेपेट्यांना काळा रंग देऊन त्याने ट्रंका केल्या. पटावर भारताचा नकाशा. सगळ्यांनी चंडीगडपासून सुरुवात करायची, आणि एकेक करून बस्तान बसवायचं: शाळा, गॅस, कामवाली बाई, मैत्रीण. मग फासा टाकायचा. लाल घरात पडलात, तर हुकमांच्या गठ्ठ्यातलं वरचं पान उचलायचं. गठ्ठ्यात बरीच पानं कोरी, काहींवर गावं. गावाचं पान आलं, की ट्रंकेत मावेल तेवढंच घेऊन निघायचं.

नियम. मैत्रीण ट्रंकेत मावत नाही. ती मागे ठेवावी.

"आणि खेळ संपायचा कसा?" जयंतने विचारलं.

हा नियम वीणाने घातला. फौजी लोक निघताना एकमेकांना 'कुठे ना कुठे परत भेटूच' म्हणतात ना, तसं. दोन कुटुंबं पुन्हा एका नव्या गावात भेटली, की डाव संपला. ती दोन्ही जिंकली.

दारातून स्वराली आत आली आणि उभी राहिली. बसली नाही, पण उभी राहिली. विश्वनाथने तिच्याकडे बघितलं नाही. पक्ष्याकडे बघितलं तर तो उडतो.

आता सरकार.

मेळाव्यासाठी समाजकेंद्राचा हॉल हवा होता. तिथल्या बाबूने अर्ज उलटसुलट केला. "मनोरंजन का प्रकार?"

"खेळ," विश्वनाथ म्हणाला.

"कैसा खेल? जी, यहाँ लिखना पड़ेगा कि मज़ा किस टाइप का है. सांस्कृतिक, धार्मिक, खेलकूद." बाबूने चष्म्यावरून बघितलं. "पासा तो नहीं है ना? पासा हुआ तो जुआ हो जाएगा. जुए का हॉल नहीं मिलता."

वीस वर्षं बेशुद्ध माणसांच्या नाड्या धरणारा तो माणूस, टेबलामागे बसलेल्या शुद्धीतल्या माणसासमोर गळाठला. "नाही," तो मराठीत म्हणाला, आणि मग हिंदीत, "पासा बिलकुल नहीं."

"लिख के दो."

त्याने लिहून दिलं. मजेचा प्रकार 'धार्मिक' लिहिला, कारण ते पहिलं सुचलं. आणि त्या सहीबरोबर खेळातून फासा गेला. उरला फक्त गठ्ठा. आता प्रत्येकाने प्रत्येक पाळीला हुकमाचं पान उचलायचं, लाल घर असो वा नसो. चालत्या खेळात जो एक कोपरा भीतीचा होता, तो आता सगळा खेळच झाला. त्या बाबूला कल्पना नव्हती, पण आख्ख्या रचनेतला सर्वांत मोठा फरक त्याने केला होता.

चाचणी मधुरिमाच्या घरी झाली. पहिल्याच पाळीला सगळे ओरडू लागले. पान उचलताना हात मागे घेणं, डोळे मिटणं, देवाचं नाव, आणि कोरं पान निघालं की सुटकेचा असा मोठा श्वास की समोरची पानं उडावीत. स्वराली बसली! रागिणीच्या शेजारी, मांडी घालून, विश्वनाथच्या बरोब्बर समोर.

मग रागिणीने पान उचललं. "जोरहाट!"

सगळे हसले. रागिणीने आपली काळी ट्रंक ईशान्येला सरकवली, 'मैत्रीण' लिहिलेलं पान नाटकीपणे छातीशी धरलं, आणि स्वरालीच्या हातात देऊन खोटं खोटं रडली. स्वरालीही खोटं रडली. इतकी मजा विश्वनाथने आयुष्यात कधी निर्माण केली नव्हती. त्याला जरा भीतीच वाटली.

आणि त्याच आठवड्यात जयंतच्या बदलीचा हुकूम आला.

जोरहाट.

नियम.

(कागद कोरा आहे.)

विश्वनाथ विज्ञानाचा माणूस होता. त्याने स्वतःला समजावलं की जोरहाटला हवाई दलाचं ठाणं आहे, म्हणून तर त्याने ते गाव लिहिलं. तिथे कोणाची ना कोणाची बदली होतच असते. हे त्याने इतक्यांदा समजावलं, की वीणा म्हणाली, "अहो, कोणाला सांगताय?"

"पुठ्ठा आहे तो."

"हो, पुठ्ठाच आहे."

"मग तू उचल बरं एक पान."

वीणाने गठ्ठ्याकडे बघितलं. "माझे हात पिठाचे आहेत," ती म्हणाली. हात नुकतेच धुतलेले होते.

  दुसऱ्या दिवशी स्वराली दरवाजा धरून उभी राहिली. "आपने जोरहाट लिखा ही क्यों? कुछ और लिख देते. अंबाला लिख देते."

"बाळा, मी लिहिल्यामुळे थोडीच—"

"तो फाड़ दो ना."

फाडायला हवं होतं. पण हुकमाचं पान फाडलं आणि उद्या भलतंच काही झालं तर? विश्वनाथने गठ्ठा कपाटातल्या लॉकरमध्ये, पासपोर्टांच्या खाली ठेवला. स्वरालीने ते बघितलं. विज्ञानाचा माणूस गठ्ठ्याला कुलूप लावतोय हे बघून तिची खात्रीच पटली.

गठ्ठ्यातलं पान फळल्याची बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली. कोणी पाठवली हे कळलं नाही, पण मधुरिमाने खाली हसरा चेहरा टाकला, आणि त्यामुळे ती खरी ठरली. संध्याकाळपासून लोक येऊ लागले. एअर फोर्सच्या एका बाईंनी चकल्या पाठवल्या आणि चिठ्ठीत विचारलं, पुण्याचं लोहगाव गठ्ठ्यात आहे का. विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांची तर बदली होतच नसे. त्यांनी टोरांटो घालता येईल का म्हणून विचारलं. ढिल्लों आंटींच्या मुलाचा व्हिसा अडकला होता, त्याच्यासाठी पान घालून घ्यायला त्या पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊनच खाली आल्या. "डॉक्टर साब, साडे काके दा वीज़ा अटकेया होया ए. इक्क कार्ड पा दे, पुत्तर."

सर्वांत वाईट म्हणजे कर्नल. ते हॉस्पिटलात आले आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, मास्क लावून, भिंतीला टेकून उभे राहिले.

"डॉक्टर. गठ्ठ्यात देवळाली आहे?"

"नाही, सर."

"घाला." त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग मास्कमधूनच म्हणाले, "दोन घाला. आणि ते वरचं, बर्फाचं काही असेल तर... मी तिथे पोस्टिंग काढलंय एकदा. भीती नाही. पण चारुशीलाचे गुडघे दुखतात."

कर्नलांना घाबरलेलं बघून विश्वनाथ जितका घाबरला, तितका तो स्वतःच्या भीतीनेही कधी घाबरला नव्हता. 'मेळावा रद्द करू' असं तो म्हणणार होता. पण रद्द म्हणजे तंबोला, आणि तंबोला म्हणजे चारुशीलाबाई आणि बँकेतल्या बाई. शिवाय हॉल बुक झाला होता, धार्मिक म्हणून.

रविवारी दुपारी धुकं विरलं आणि हॉलच्या मागच्या हिरवळीवर ऊन पडलं. बायका शाली काढून हळदीकुंकू करत होत्या, पुरुष शेंगदाणे सोलत होते. मधोमध चटईवर पट मांडलेला. कडेने सगळं मंडळ. मध्ये गठ्ठा, आणि गठ्ठ्याभोवती हातभर मोकळी जागा. त्या जागेत कोणी बसलं नव्हतं. लहान पोरंसुद्धा तिथून पाय आखडून जात होती.

"सुरू करा," कर्नल म्हणाले आणि मागे सरले.

"तुम्ही आधी, सर."

"छे छे. सिव्हिलियन आधी."

शेवटी जयंतच पुढे आला. "माझं काय आता व्हायचं ते झालंय," तो म्हणाला आणि त्याने वरचं पान उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग कपाळाला आठी घालून मोठ्याने वाचलं: "चंडीगढ़ में ही रहो."

पुढचं पान. 'चंडीगढ़ में ही रहो.' त्यापुढचंही तेच. स्केचपेनचं निळं, गोल, हिंदी वळणाचं अक्षर. सगळी पानं तशीच. विश्वनाथने स्वरालीकडे बघितलं. लॉकरची चावी कुठे असते हे घरात तिलाही माहीत होतं. तिने रागिणीचा हात घट्ट धरला होता, आणि ती कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हती.

मंडळाने टाळ्या वाजवल्या. एवढा सुटकेचा श्वास चंडीगडने पूर्वी सोडला नसेल. चारुशीलाबाई तर धीटपणे गठ्ठ्यापाशी सरकल्या. खेळ सुरू झाला. शाळा मिळाली. गॅस मिळाला. कामवाली बाई मिळाली. मैत्रीण मिळाली. चंडीगढ़ में ही रहो. चंडीगढ़ में ही रहो. आता सगळ्यांकडे सगळं होतं. कोणी हलेना. पटावर चंडीगडच्या घरात सगळ्या काळ्या ट्रंका गर्दी करून उभ्या, बाकी देश ओसाड.

कर्नलांनी जांभई दिली. कोणीतरी तंबोल्याचं नाव काढलं. बँकेतल्या बाईंनी पर्समध्ये तिकिटं आहेत का ते बघितलं. विश्वनाथने पट उगाच सरळ केला. घाबरवलं तर घाबरतात, आणि नाही घाबरवलं तर झोपतात. झोपवायची कला शेवटी इथेही आलीच.

"बोअर हो रहा है यार," रागिणी म्हणाली.

स्वराली दचकली. "क्या?"

"कोई जा ही नहीं रहा. फिर मिलेंगे कैसे?" रागिणीने हात पुढे केला. "मेरा जोरहाट वापस दे."

"नहीं."

"अरे, वहाँ हाथी हैं, पापा बोल रहे थे. रोड पे आते हैं. दे ना."

विश्वनाथ मध्ये बोलणार होता. त्याचा हात उठलाही, सापाच्या तोंडाशी आलेला फासा उलटा करायला उठायचा तसा. वीणाने तो मनगटाला धरून खाली ठेवला.

स्वरालीने पटाकडे बघितलं. मग जाकिटाच्या खिशातून जुनी पानं काढली, चुरगळलेली, खिशातल्या तिळगुळाने चिकट झालेली. जोरहाटच्या कोपऱ्याला तिळाचा एक दाणा चिकटला होता, तसंच ते रागिणीला दिलं. रागिणीने आपली ट्रंक उचलली आणि एकटीच, सगळ्या गर्दीतून बाहेर काढून, नकाशाच्या त्या टोकाला नेऊन ठेवली. मैत्रिणीचं पान मागे राहिलं. या वेळी कोणी खोटं रडलं नाही.

मग स्वरालीने जोरहाट परत गठ्ठ्यात घातलं, बाकीची गावं घातली, आणि पिसलं. पुन्हा ती भीती चटईवर येऊन बसली. कर्नलांना निघालं तेजपूर. ते उभे राहून ओरडले. चारुशीलाबाईंना भुज. बँकेतल्या बाई हसून हसून त्यांच्या खांद्यावर पडल्या, आणि पडल्यावर आठवलं की आपण बोलत नाही, पण तोवर उशीर झाला होता.

"बाबा की बारी," स्वराली म्हणाली. तिने गठ्ठा हातात धरून पुन्हा एकदा पिसला आणि त्याच्यासमोर ठेवला.

विश्वनाथने हात पुढे केला. थिएटरमध्ये कधी न अडणारा हात गठ्ठ्यावर येऊन अडला. आणि तेव्हा त्याला दिसलं. वरच्या पानाच्या कोपऱ्याला तिळाचा एक दाणा चिकटलेला होता, तोच जो मघाशी जोरहाटला होता. त्याने वर बघितलं. पोरगी आभाळाकडे बघत होती, मान वाकडी करून, अगदी निरागसपणे. फासा उलटा करताना तो स्वतः बघायचा तशी.

त्याने पान उचललं.

"जोरहाट!" रागिणी किंचाळली. "अंकल जोरहाट!"

स्वरालीने बाबाची काळी ट्रंक अशी ढकलली की ती भारताच्या बाहेर जाऊन परत आली. दोन ट्रंका शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. "हम जीत गए! बाबा, हम जीत गए!" ती ओरडली, आणि पटावर गुडघे टेकून त्याच्या गळ्यात पडली. पट उधळला. पाचव्या प्रकारची मजा.

सोमवारी सकाळी विश्वनाथ हॉस्पिटलच्या ऑफिसच्या खिडकीशी गेला. जागा माणूस समोर असताना तो आपण होऊन तिथे कधी गेला नव्हता.

"माझी काही ऑर्डर आलीय का? मेरा कोई ऑर्डर?"

तिथल्या बाबूने फायलींमधून मान वर काढली. "किस चीज़ का, डॉक्टर साहब?"

"बदलीचा. जोरहाट वगैरे."

"आपकी तो बदली होती ही नहीं, जी," बाबू हसून म्हणाला. "आप तो पक्के हैं यहाँ. बेफिक्र रहो."

विश्वनाथ "हो, हो," म्हणाला. तरी तो खिडकीपाशी थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "एकदा बघून तर घ्या."